बारा घरांचा एक भाजीबाजार

देगलूरच्या बाजारात एकाच पालेभाजीला तीन नावे ऐकू येतात. मराठी माणूस तिला अंबाडी म्हणतो, तेलंगणातून आलेला गोंगूरा म्हणतो आणि कर्नाटकाच्या बाजूचा पुंडी म्हणतो. तिन्ही राज्यांच्या सीमेवरच्या या गावात भाजीही तिन्हीकडून येते, जाते. ज्वारीच्या कण्या घालून शिजवलेली अंबाडी, वर लसणाची फोडणी आणि सोबत भाकरी, हे आपल्याकडचे साधे पण कसदार जेवण. तरीही महिन्याची वीस तारीख उलटली की अनेक घरांत ताटातून सगळ्यात आधी भाजीच कमी होते. पीठ-मीठ आणावेच लागते, तेल लागतेच, गॅस भरावाच लागतो. मग हात आखडतो तो भाजीवर. डाळीचे वरण पातळ होते, चटणी-भाकरीवर वेळ निभावते आणि पोट भरल्यामुळे काही कमी पडले असे कोणाला वाटतही नाही.

कमी मात्र पडलेले असते. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहार मार्गदर्शिकेनुसार प्रौढ माणसाने दिवसाला सुमारे ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळे खायला हवीत. या भाज्यांत पालेभाजीचा वाटा चांगला असावा. जागतिक आरोग्य संघटनाही फळे आणि भाज्या मिळून किमान ४०० ग्रॅम सांगते आणि त्यात बटाटा धरत नाही. चार माणसांच्या घराला हा हिशेब लावला, तर फक्त भाजीच आठवड्याला ११ किलोच्या पुढे जाते. आपल्या घरात गेल्या आठवड्यात किती आली, हे प्रत्येकाने आठवून पाहावे.

भाजी कमी पडल्याचा परिणाम लगेच दिसत नाही. बद्धकोष्ठता, सतत थकवा, हिरड्यांतून रक्त येणे, मधुमेह आणि रक्तदाब आटोक्यात न राहणे अशा तक्रारींच्या मुळाशी इतर कारणांबरोबर हेही एक कारण असू शकते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. एकट्या पालेभाजीने रक्तक्षय बरा होत नाही. पण लोह, फोलेट आणि लोह शोषायला मदत करणारे क जीवनसत्त्व यांचा रोजचा पुरवठा ताटातूनच व्हायचा असतो. आणि ताटातली भाजी कमी झाली की घरात सर्वांत शेवटी जेवणाऱ्या बाईच्या वाट्याला तर रस्साच उरतो.

दोन रुपये कुठे जातात?

भाजी महाग का पडते, याचे उत्तर फक्त ‘शेतकरी महाग विकतो’ असे नाही. रिझर्व्ह बँकेच्या अभ्यासगटाने २०२४ मध्ये मांडलेल्या निष्कर्षानुसार ग्राहक टोमॅटोसाठी जो रुपया मोजतो, त्यातले सुमारे ३३ पैसे शेतकऱ्याला मिळतात. कांद्यात हा वाटा ३६ आणि बटाट्यात ३७ पैशांच्या आसपास आहे. म्हणजे ग्राहकाच्या तीन रुपयांतला साधारण एक रुपया शेतात पोहोचतो आणि दोन वाटेत राहतात.

हे वाटेतले दोन रुपये म्हणजे कोणा एकाचा नफा नव्हे. त्यात अडत, हमाली, तोलाई, बारदान, टेम्पोचे भाडे, गाळ्याचे भाडे आणि प्रत्येक टप्प्यावरची घट असते. सकाळी वीस जुड्या घेऊन बसलेल्या भाजीवालीच्या संध्याकाळपर्यंत चार-पाच जुड्या कोमेजतात. त्यांचे पैसे तिला उरलेल्या जुड्यांतूनच काढावे लागतात. नाबार्डच्या सल्लागार संस्थेने २०२२ मध्ये केलेल्या पाहणीत काढणीनंतर भाज्यांचे नुकसान पिकानुसार सुमारे ५ ते १२ टक्के आणि फळांचे ६ ते १५ टक्के आढळले. ही नासाडीही अखेर ग्राहकाच्याच पिशवीत मोजली जाते.

इथेच एक सोपा प्रश्न उभा राहतो. यातली काही कामे, म्हणजे माल आणणे, निवडणे, तोलणे, वाटणे, गल्लीतल्या लोकांनीच आळीपाळीने केली तर? आणि विकत घेणारी माणसे आधीच ठरलेली असली, तर संध्याकाळी उरणाऱ्या जुड्यांचा तोटा कोणावर येईल? कोणावरच नाही, कारण तेवढ्याच जुड्या आणलेल्या असतील. ग्राहकांच्या सहकारी भाजी गटाचा सगळा व्यवहार या एका गोष्टीवर उभा आहे: मागणी आधी, खरेदी नंतर.

जुनीच कल्पना, आपल्याच मातीतली

ही कल्पना नवी नाही. इंग्लंडमधील रॉचडेल गावात २८ कामगारांनी २१ डिसेंबर १८४४ रोजी स्वतःचे छोटे दुकान उघडले. लोणी, साखर, पीठ, ओटचे पीठ आणि मेणबत्त्या एवढाच माल होता. त्या काळी पिठात भेसळ सर्रास असे. शुद्ध माल, पुरे वजन आणि रोखीचा व्यवहार या तीन गोष्टींवर ते दुकान टिकले आणि त्यातून जगभरची ग्राहक सहकारी चळवळ उभी राहिली. जपानमध्ये १९६५ साली टोकियोतल्या गृहिणींनी एकत्र येऊन स्वस्त आणि चांगले दूध घाऊक घ्यायला सुरुवात केली. त्यातून ‘सेइकात्सु क्लब’ ही मोठी संस्था घडली. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात १९७३ पासून चालणाऱ्या ‘पार्क स्लोप फूड को-ऑप’मध्ये सभासदाला दर काही आठवड्यांनी पावणेतीन तास दुकानात काम करावेच लागते. माल उतरवणे, फळे मांडणे, गल्ल्यावर बसणे ही कामे सभासदच करतात, म्हणून ताजी भाजी स्वस्त पडते.

महाराष्ट्रातले उदाहरण तर आपल्या आठवणीतले आहे. १९७२ च्या दुष्काळानंतरच्या महागाईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली मुंबईत बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. त्याच दशकात, १९७५ च्या गुढीपाडव्याला मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. बिंदुमाधव जोशी आणि संगीतकार सुधीर फडके हे तिच्या संस्थापकांपैकी. पंचायतीने दुकान थाटले नाही. शेजारपाजारच्या कुटुंबांचे छोटे संघ केले. दर महिन्याला संघाने मागणीची यादी द्यायची, पंचायतीने घाऊक खरेदी करायची, माल एखाद्या सभासदाच्या दारात उतरायचा आणि सभासदांनी तो आपसात वाटून घ्यायचा. नोकरदार कमी, कार्यकर्ते जास्त आणि त्यात बहुसंख्य स्त्रिया. अशा रीतीने हजारो कुटुंबांचे वाणसामान पन्नास वर्षे घरपोच होत आले आहे.

पंचायतीचा भर मुख्यतः किराण्यावर राहिला आणि त्यामागे कारण आहे. डाळ महिनाभर टिकते, मेथी दोन दिवसही टिकत नाही. त्यामुळे भाजीचा गट चालवायचा तर महिन्याची नव्हे, आठवड्याची यादी हवी आणि लांबचे गोदाम नव्हे, जवळचे शेत हवे. या बाबतीत मुंबईपेक्षा देगलूर, उदगीर, मुखेड, बिलोली अशा गावांची बाजू उजवी आहे. इथे शेत गावाला लागूनच आहे.

शेताच्या बाजूने पाहिले तरी मराठवाड्यात पाया तयार आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर-धाराशिव भागात पुनर्बांधणीच्या कामातून उभ्या राहिलेल्या ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेने पुढे महिला शेतकऱ्यांसाठी एक एकराचे प्रारूप रुजवले. घरच्या जमिनीतला अर्धा-एक एकर बाईने मागून घ्यायचा आणि त्यात सोयाबीनऐवजी भाज्या, डाळी, भरड धान्य असे खाण्याचे पीक घ्यायचे. या कामाला २०१७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. अशा शेतांत घरचे भागून उरलेला माल असतो. त्याला ठरलेले गिऱ्हाईक मिळाले, तर तो शिल्लक माल ओझे राहत नाही.

कायद्याची अडचणही पूर्वीइतकी नाही. २०१६ मध्ये राज्य सरकारने फळे आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला. शेतकरी आपला माल बाजार समितीच्या आवाराबाहेर थेट विकू शकतो. पणन मंडळाच्या संत सावता माळी शेतकरी आठवडे बाजारांचा पायाही हाच.

हिशेब मांडून पाहू

पुढचे आकडे फक्त उदाहरणासाठी धरलेले आहेत. आपल्या गावचे भाव घालून तोच हिशेब कोणीही करू शकेल.

समजा, १२ घरे एकत्र आली. प्रत्येक घर आठवड्याला ६ किलो भाजी घेते. किरकोळ बाजारात सरासरी ४० रुपये किलो भाव धरला, तर घराला २४० रुपये लागतात. गटाला ७२ किलो भाजी हवी. निवडताना ५ टक्के घट जाईल म्हणून ७६ किलो घेतली. थेट शेतकऱ्याला सरासरी २२ रुपये किलो दिले, तर १,६७२ रुपये झाले. ऑटोचे भाडे आणि हमाली ३०० रुपये, किरकोळ खर्च ६० रुपये. एकूण २,०३२ रुपये, म्हणजे किलोला साधारण २८ रुपये. प्रत्येक घराला १६९ रुपये पडले आणि आठवड्याला ७१ रुपये वाचले. वर्षाला ही बचत सुमारे ३,७०० रुपये होते.

आता याच हिशेबात घरे बाराऐवजी चारच धरा. ऑटोचे भाडे तेवढेच राहते, पण ते चौघांत विभागले जाते. किलोचा भाव साडेछत्तीस रुपयांवर जातो आणि आठवड्याची बचत जेमतेम २१ रुपये उरते. किंवा घरे बाराच ठेवा, पण निष्काळजीपणामुळे घट ५ ऐवजी २० टक्के झाली असे धरा. बचत ७१ वरून ४५ रुपयांवर येते. म्हणजे गट टिकतो तो दोन गोष्टींवर: पुरेशी घरे आणि कमी नासाडी. भावात घासाघीस करून शेतकऱ्याचा रुपया कापण्यापेक्षा इथे लक्ष दिलेले बरे.

या हिशेबाची आरोग्याची बाजू आणखी बोलकी आहे. पैसे वाचवण्याऐवजी घराने तेच २४० रुपये भाजीवरच घातले, तर ६ किलोऐवजी साडेआठ किलो भाजी येते. चार माणसांच्या घरात माणशी रोजची भाजी साधारण २१५ ग्रॅमवरून ३०० ग्रॅमवर जाते. खर्च न वाढता वाढलेली ही भाजी ताटात जागा करते. म्हणून गटाच्या वहीत ‘किती वाचले’ या रकान्याशेजारी ‘किती खाल्ले’ असाही एक रकाना असावा.

तोडल्यावरही पान श्वास घेते

ताजेपणा ही केवळ चवीची गोष्ट नाही. शेतातून तोडलेली भाजी जिवंत असते आणि श्वसन करत राहते. साठवलेली साखर वापरते, उष्णता बाहेर टाकते, पाणी गमावते. तापमान १० अंशांनी वाढले की हा वेग साधारण दोन ते तीन पट होतो. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळीशीच्या पुढे असताना उघड्यावर पडलेल्या मेथीचे काय होत असेल, याचा अंदाज यावरून यावा. क जीवनसत्त्व आणि फोलेट ही जीवनसत्त्वे सर्वांत आधी घटतात. लोह, कॅल्शियमसारखी खनिजे आणि तंतू मात्र जागेवरच राहतात. म्हणून थोडी मलूल झालेली जुडी टाकून देऊ नये. कुजलेली, चिकट झालेली किंवा बुरशी आलेली मात्र खाऊ नये.

गटाने नासाडी टाळण्यासाठी पुढील गोष्टी पाळाव्यात.

पालेभाजी पहाटे किंवा संध्याकाळी तोडलेली घ्यावी, दुपारची नको. आणताना ओल्या गोणपाटाने झाकावी, पण पोत्यात दाबून भरू नये. टोमॅटो, केळी, आंबा यांतून इथिलीन नावाचा वायू सुटतो. त्यामुळे शेजारची पालेभाजी आणि काकडी लवकर पिवळी पडते. म्हणून त्यांची जाळी वेगळी ठेवावी. वाटप त्याच दिवशी, दोन तासांत उरकावे.

फ्रीज नसलेल्या घरांसाठी किंवा गटाच्या सामाईक वापरासाठी शून्य ऊर्जा शीतकक्ष उपयोगी पडतो. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने विकसित केलेली ही रचना अगदी साधी आहे. विटांच्या दोन भिंती, मधे सात-आठ सेंटिमीटरची फट, त्यात वाळू आणि वाळूवर सकाळ-संध्याकाळ पाणी. वर गवताचे किंवा गोणपाटाचे झाकण आणि सावलीसाठी छप्पर. पाण्याची वाफ होताना उष्णता शोषली जाते आणि आतली हवा बाहेरपेक्षा बरीच गार राहते. माठातल्या पाण्याचेच हे तत्त्व. हवा जितकी कोरडी तितका गारवा जास्त, म्हणून मराठवाड्याच्या उन्हाळ्यात तो चांगला चालतो. पावसाळ्यात दमट हवेत त्याचा उपयोग कमी होतो.

एक गैरसमज दूर करायला हवा. जवळच्या शेतातली भाजी म्हणजे औषध न फवारलेली भाजी असे नव्हे. थेट खरेदीत एक सोय मात्र असते. शेवटची फवारणी कधी केली आणि त्या औषधासाठी सांगितलेले दिवस उलटले का, हे शेतकऱ्याला तोंडावर विचारता येते. भाजी वाहत्या पाण्याखाली चोळून धुवावी. चिरण्याआधी धुवावी, चिरल्यावर नव्हे, नाहीतर जीवनसत्त्वे पाण्याबरोबर जातात. शिजवताना पाणी कमी, झाकण ठेवून, आणि वरून लिंबू पिळले तर भाजीतले लोह अंगी लागायला मदत होते. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी आणि रक्त पातळ ठेवणारी गोळी घेणाऱ्यांनी मात्र पालेभाजीचे प्रमाण वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारावे.

गट मोडतात कशामुळे?

भिशी असो की बचत गट, ती पैशाच्या कमतरतेपेक्षा मनातल्या अढीमुळे जास्त मोडते, हे आपण जाणतोच. भाजी गटाचेही तसेच. ‘तिच्या पिशवीत टवटवीत वांगी आणि माझ्यात किडकी’ ही तक्रार पहिल्या महिन्यातच येते. त्यावर जुना उपाय आहे. जो वाटे करतो त्याने आपला वाटा शेवटी उचलायचा. मग वाटे आपोआप सारखे पडतात. तोलायला वैधमापन विभागाचा शिक्का असलेला काटा वापरावा. खरेदीची पावती आणि हिशेबाची वही वाटपाच्या जागीच उघडी ठेवावी.

दुसरे दुखणे कामाचे. दोन उत्साही बायका सगळे ओढतात आणि सहा महिन्यांत थकून सोडून देतात. १२ घरांत दर आठवड्याला दोघांची पाळी लावली, तर प्रत्येक घराची पाळी सहा आठवड्यांनी येते. तीन तासांचे काम असते. पुरुषांची नावेही पाळीच्या यादीत असावीत. कॅरेट उचलायला आणि भाव विचारायला त्यांचीही मदत व्हावीच. मागणी नोंदवून ऐनवेळी माल न उचलणाऱ्याने पैसे भरायचे, हा नियम पहिल्याच बैठकीत ठरलेला बरा.

तिसरा प्रश्न अधिक गंभीर आहे. ज्याला या बचतीची खरी गरज आहे, त्या रोजंदारीवरच्या घराला आठवड्याचे १७० रुपये एकदम भरणे जमत नाही. त्याची खरेदी रोजच्या मजुरीतून, पावशेराच्या मापाने होते आणि अडीअडचणीला भाजीवालीच त्याला उधार देते. गटाने फक्त आगाऊ पैसे भरणाऱ्यांचीच सोय पाहिली, तर तो पगारदारांची सवलत बनून राहील. त्यासाठी रोज २० ते २५ रुपये जमा करण्याची सोय, आठवड्यातून दोनदा वाटप किंवा पैशाऐवजी जास्त पाळ्या करण्याची मुभा असे मार्ग काढता येतात. आणि गल्लीतल्या भाजीवालीला शत्रू समजू नये. मिरची, कोथिंबीर, लिंबू आणि अधल्या-मधल्या गरजेची भाजी तिच्याकडूनच घ्यावी. तिलाच गटाची खरेदीदार म्हणून ठरलेल्या मजुरीवर बोलावले, तर तिच्याइतकी मालाची पारख कोणाला असणार?

शेतकऱ्याशीही शब्द पाळावा लागतो. जुलै २०२३ मध्ये टोमॅटो अनेक शहरांत किलोला शंभरीपार गेला होता. पुढे काही आठवड्यांतच भाव कोसळले. अशा वेळी भाव चढला की शेतकऱ्याने पाठ फिरवायची आणि भाव पडला की गटाने, असे झाले तर व्यवहार एक हंगामही टिकणार नाही. दोघांना परवडेल असा भावाचा पट्टा हंगामापुरता ठरवावा. भाव पडल्यावर थोडे जास्त देणाऱ्या गटालाच भाव चढल्यावर थोडे कमी मागायचा हक्क असतो.

सुरुवात पाच भाज्यांपासून

पहिल्या दिवशी पंचवीस प्रकारांची यादी करू नये. कांदा, बटाटा, टोमॅटो, एक फळभाजी आणि एक हंगामी पालेभाजी एवढ्यावर चार आठवडे काढावेत. आधीपासून चालू असलेला बचत गट, भजनी मंडळ, शाळेतल्या पालकांचा गट असा ओळखीचा पाया असेल तर विश्वास नव्याने उभा करावा लागत नाही. दर रविवारी मोबाइलवर मागणी, सोमवारी बेरीज, मंगळवारी पहाटे खरेदी आणि सकाळी वाटप असा ठराविक क्रम असावा. गट नीट रुळला आणि पैशांचा व्यवहार वाढला, तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली वेगवेगळ्या कुटुंबांतील किमान १० जणांना मिळून संस्थेची नोंदणी करता येते. पण ती घाई पहिल्या वर्षी नको.

हंगामाप्रमाणे खाल्ले तर बचत आणखी वाढते. हिवाळ्यात मेथी, शेपू, चुका, करडई, पावसाळ्यात दोडका, भेंडी, तांदुळजा, अंबाडी, उन्हाळ्यात वाळूक, भोपळा, शेवगा. ज्या भाजीचा हंगाम असतो तिची आवक जास्त, भाव कमी आणि चव चांगली. बांधावर आपोआप उगवणाऱ्या घोळ, पाथरी, तांदुळजा या रानभाज्या शेतकरी बाईकडून घेतल्या, तर तिलाही चार पैसे मिळतात आणि आपल्या मुलांना त्यांची ओळख राहते.

डॉक्टर कागदावर ‘हिरव्या भाज्या खा’ असे लिहून देतात, तेव्हा त्या कशा परवडतील हे त्या कागदावर नसते. बारा घरांनी एक वही, एक काटा आणि आठवड्यातले तीन तास दिले, तर त्या प्रश्नाचे निम्मे उत्तर गल्लीतच मिळते. उरलेले निम्मे घराच्या स्वयंपाकघरात आहे: आलेली भाजी सर्वांच्या ताटात सारखी वाढली जाते का, आणि सर्वांत शेवटी बसणाऱ्या बाईच्या ताटात रश्शाबरोबर भाजीही उरते का, हे पाहण्यात.